फक्त बघणे

कोऱ्या नोटपॅडवर दोन शब्द उमटले, ‘कोण आहे?’, आणि नवीन खुर्चीतच मागे सरकला. खिडकीतून आत डोकावणाऱ्याची कॉलर आतूनच कुणीतरी धरावी, तशी त्याची गत झाली. बायकोच्या स्क्रीनवर होते ते शब्द. ती बसली होती डिस्पॅचमध्ये, दोन नंबरच्या गेटपाशी, मधे अख्खा प्लांट, दोन गोदामं आणि बारा महिने वास मारणारं गटार. आणि हा बसला होता सर्व्हर रूमच्या गारठ्यात, ऐन मे महिन्यात स्वेटर घालून, तिचा स्क्रीन आपल्या स्क्रीनवर उघडून. रोजच बघायचा. पण रोज ‘फक्त बघणे’ हा पर्याय निवडून आत शिरायचा, आणि आज सकाळी स्टोअरमधल्या तालिबचा प्रिंटर इथूनच चालू करून देताना निवडलेला ‘ताबा घेणे’ तसाच राहून गेला होता. झालं असं की, मघाशी दाराशी त्याच्या खात्याच्या वाल्मिक साहेबांच्या बुटांचा आवाज आला. याने घाईघाईने कोपऱ्यातली फुली दाबली, आणि दाबली ती तिची. या धंद्यात हे प्रत्येकाचं एकदा तरी होतंच. एका खिडकीच्या पोटात दुसरी खिडकी उघडी असते, दोघींच्या कोपऱ्यात तीच फुली. माणूस आपली समजून दुसऱ्याची मिटतो. एखादा महाभाग तर आपलं मशीन समजून अख्खा सर्व्हर बंद करून बसतो आणि पुढे वर्षभर ढाब्यावर ती गोष्ट सांगून हशा मिळवतो. याला कुठे सांगता येणार होती? तिकडे अक्षदाचा, त्याच्या बायकोचा, अर्धा भरलेला गेटपास तिच्या डोळ्यांदेखत मिटला. तिच्या माउसचा बाण जागच्या जागी थबकला. मग तिने जराही घाई न करता नोटपॅड उघडलं. आणि साहेब? साहेब आत आलेच नाहीत, दारावरून तसेच पुढे गेले.

पोरखेळ नव्हता हा, हे सगळं नवीननेच उभं केलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी रसायनीच्या या कारखान्यातले सगळे जुने कॉम्प्युटर टेंपोत घालून भंगारात गेले आणि टेबलाटेबलांवर स्क्रीनच्या पाठीला चिकटवलेली एकेक डबी आली. डबीत काही नसतं. लोकांना हेच पटेना. नवीन प्रत्येक खात्यात जाऊन सांगायचा, तुमचा कॉम्प्युटर आता तुमच्या टेबलावर नाही, माझ्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये आहे, सगळ्यांचे तिथेच, एकाच पोटात वेगवेगळे. तुम्ही बटण दाबलंत की ते दाबणं तेवढं तारेतून माझ्याकडे येतं, काम माझ्याकडे होतं, आणि काय झालं त्याचं नुसतं चित्र तुमच्याकडे परत जातं. तुम्ही बघता ते चित्र. डबी बंद करून घरी गेलात तरी काम इथे तसंच उघडं राहतं, अर्ध्या वाक्यावर थांबलेलं. उद्या दुसऱ्या टेबलावर बसा, तिथून पुढे सुरू. बायका हसायच्या, पुरुष मान डोलवायचे आणि पुन्हा डबीवरच थापट्या मारायचे. घरी जेवताना त्याने हेच अक्षदाला सांगितलं होतं, ताटात आमटी गार होईपर्यंत. त्या दिवसांत बोलायचा तो. सांगता सांगता हेही सांगून बसला की, मी कोणाच्या स्क्रीनवर इथून शिरलो ना, की समोरचं चित्र एकदा हलतं, अगदी डोळा लवावा इतकंच, कोणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. अक्षदा म्हणाली होती, “अगंबाई, मग तर तुम्ही देवच की हो.” थट्टाच होती ती. याला मात्र ती महिनाभर पुरली.

सुरुवात काही पापाची नव्हती. तिच्या यादीतला एक रकाना उघडत नव्हता, तिने रीतसर तक्रार टाकली, हा रीतसर आत गेला. त्या वेळी नियम होता: आत शिरायच्या आधी समोरच्याला विचारलं जायचं, परवानगी आहे का, हो की नाही. तिने ‘हो’ दाबलं. याने रकाना दुरुस्त केला. आणि निघणार तोच तिने नोटपॅड उघडून लिहिलं, ‘धन्यवाद साहेब, चहा घेणार का?’ वाचून हा एकटाच खोलीत हसला. किती वर्षांनी ती त्याच्याशी असं बोलली होती! लोधिवलीच्या घरात ती असं बोलत नसे. घरात दोन खोल्या, मधे पडदा, पडद्यापलीकडे त्याची आई, भागूबाई, जिला पडद्याअलीकडचा उसासाही ऐकू जायचा. तिथे अक्षदा म्हणजे ‘ताट वाढलंय’, ‘दूध संपलंय’, ‘गॅस आलाय’. मूल झालं नाही, त्याबद्दल आधी खूप बोलणं झालं आणि मग बोलणंच संपलं. पुढे कारखान्यातल्या कोणीतरी कसलीशी माहिती बाहेर पाठवली, वरून हुकूम आला, परवानगी विचारणं बंद करा, कोणाच्याही स्क्रीनवर कधीही बघता आलं पाहिजे. ते बंद करायचं काम नवीनकडेच आलं. त्याने केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हात आपोआप तिच्या नावावर गेला. म्हटलं, बघू तरी, चहा कोणाला विचारते.

काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सापडली ती वेगळीच बाई. ट्रान्सपोर्टवाल्यांना ती अशी खमकी पत्रं लिहायची की वाचणाऱ्याने खुर्चीत ताठ बसावं. कंटेनर उशिरा आणणाऱ्या कोणा शेठला तिने एकदा लिहिलं, ‘आपल्या ड्रायव्हरला रस्ता ठाऊक नसेल तर आमच्या वॉचमनला पाठवते, तो त्याला हाताला धरून आणेल.’ शेजारच्या टेबलावर तय्यबा बसायची, पुढच्या चौक गावातल्या सुलेमान मेकॅनिकची बहीण. तिच्याशी ऑफिसच्या चॅटवर दिवसभर खुसखुस चाले, कोणाची साडी, कोणाचं लग्न, कोणत्या साहेबाचं पोट. नवीन ते वाचायचा आणि तिच्या विनोदाला इकडे एकटा हसायचा. कधी ती हात थांबवून बसायची, तेव्हा त्याच्या यादीत तिच्या नावापुढे मिनिटं वाढत जायची. बटणाला बोट लागलं नाही की यंत्र मोजायला लागतं. त्यावरून त्याला कळायचं की ती जेवायला गेली, की चहाला, की नुसतीच बसलीय. संध्याकाळी हीच बाई त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून यायची, आणि सबंध रस्ताभर ‘उजवीकडून घ्या’ यापलीकडे शब्द नाही. त्याला राग यायचा. कसला राग, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझं आहे ते माझ्यावाचून चाललंय, आणि छान चाललंय, हा तो राग. चोर तो चोर आणि वर शिरजोर, दुसरं काय!

आणि मग ते पान. एप्रिलच्या अखेरीला एका दुपारी हा आत शिरला तर समोर गेटपास नव्हते, पत्रं नव्हती. शोधाच्या चौकोनात मराठीत लिहिलेलं होतं, ‘स्तनात गाठ पण दुखत नाही’. एरवी कामात सगळं इंग्रजीत लिहिणारी बाई, हे मराठीत. खाली कोण्या डॉक्टरांचा लेख होता आणि अक्षरं एवढी मोठी केलेली की एका वेळी चार ओळी मावत होत्या. नवीनने त्या चारही ओळी वाचल्या. पहिला विचार आला तो तिचा, खोटं कशाला बोला, तिचाच आला. एकदम लहान, आजारी, एकटी दिसली ती. आणि दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला, की आता मला हे ठाऊक आहे आणि ठाऊक असायला नको होतं. ते पान हललं नाही. तिच्या नावापुढे मिनिटं वाढत गेली. अक्षरं एवढी मोठी का, असं मनात आलं तेव्हा त्याने स्वतःलाच उत्तर दिलं, डोळे दुखत असतील. दुसऱ्या दिवशी तेच पान, तीच अक्षरं. तिसऱ्या दिवशी पनवेलच्या एका दवाखान्याचं पान, डॉक्टरीणबाईंच्या वेळा, आणि पुन्हा तसेच थांबलेले हात.

कसं विचारायचं, याची त्याने मनातल्या मनात किती तालीम केली! ‘तुझी तब्येत बरी आहे ना?’ नको, ती म्हणेल, आजच का विचारता? ‘डॉक्टरकडे जाऊन येऊ या, दोघंही, नुसती तपासणी?’ नको, नको, तिला लगेच वास येईल. अरे बाबा, ‘काय गं, कशी आहेस’ एवढं विचारायला कुठला पासवर्ड लागतो? जगातला कुठलाही नवरा विचारतो. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला साधा प्रश्नसुद्धा कबुलीसारखा वाटायला लागला. त्याने ठरवलं, ती सांगेल. आपली बायको आहे, असलं काही असलं तर सांगेलच. सांगितलं की आपण धावून जायचं, रजा टाकायची, पैशाकडे बघायचं नाही, सगळं करायचं. फक्त आधी तिने सांगायला हवं. त्या संध्याकाळी रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडून त्याने पानाच्या द्रोणात करवंदं घेतली. घरी आल्यावर तिच्यापुढे धरली. तिने द्रोणाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

“आणि?” ती म्हणाली.

“आणि काय?”

“आणखी काही?”

“नाय. काय नाय,” तो म्हणाला, आणि मोबाइल चार्जिंगला लावायला पडद्यापलीकडे गेला.

मागच्या बुधवारी त्याने तिला नेहमीसारखं दोन नंबरच्या गेटवर सोडलं, आणि दिवसभर यादीत तिचं नाव उजळलंच नाही. ‘जोडलेली’ नाही, ‘तुटलेली’ नाही, काहीच नाही. आदल्या दिवशी तिने सगळं नीट बंद करून ठेवलं होतं, जे ती कधी करत नसे. तो यादी पुन्हा पुन्हा ताजी करत राहिला. कोपऱ्यात तार निसटली असेल, म्हणून डिस्पॅचच्या खोलीत जायला निमित्तही होतं. उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. संध्याकाळी तिचा निरोप आला, ‘कंपनीच्या बसने पुढे जाते आहे.’ घरी आला तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आणि आई म्हणाली, “तिला उठवू नको रं, दमलीय.” तो उठवणार नव्हताच. उलट त्याला हलकं वाटलं, तोंड दाखवायचं टळलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुन्हा उजळलं, समोर गेटपास, ट्रान्सपोर्ट, सगळं पूर्वीसारखं. ते पान कुठे दिसलं नाही. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. सुटली, असं नाही. सुटलो.

आणि आज ‘कोण आहे?’. ताबा त्याच्याच हातात होता. दोन बटणं दाबली असती तर तिच्या प्रश्नाखाली ‘मी’ उमटलं असतं. बोटं बटणांवर ठेवलेलीच होती. तिकडे रेघ लुकलुकत होती, तिने काही पुढे लिहिलं नाही, काही पुसलं नाही, ती वाट बघत होती हे इकडे स्वच्छ दिसत होतं. नवीनने जोडणी तोडली, या वेळी बरोबर आपली फुली शोधून. मग उठून बाटलीभर गार पाणी प्यायला. आता वाल्मिक साहेब खरोखरच आत आले.

“काय रे, घाम? या फ्रिजमध्ये?”

“पित्त झालंय सर.”

“डिस्पॅचमधून फोन आलेला. कोणीतरी आत शिरून काम बंद केलं म्हणे.”

“कोणाचा फोन?”

“वहिनींचाच. मी म्हटलं, नवीनला विचारा की घरच्या घरी. तर म्हणाल्या, त्यांना नका विचारू, त्यांना ठाऊक नसेल.” साहेब हसले. “बायकोला तुझ्यावर भरवसा नाही दिसत!” नवीनही हसला. ‘त्यांना ठाऊक नसेल’, हे तो दिवसभर उलटसुलट करत बसला. टोमणा होता? की खरंच तिला कळलेलं नाही? नसेलच कळलं. खात्यात आपण तिघं आहोत, तिघांपैकी कोणीही असेल. संध्याकाळपर्यंत त्याची खात्रीच झाली की तिला कळलेलं नाही, आणि खात्री होताच त्याला एकदम धीर आला, इतका की आज आपण विचारायचंच, असं त्याने ठरवून टाकलं. भित्र्या माणसाला शौर्य असंच येतं, धोका नाही असं कळल्यावर.

गेटवर ती येऊन मागे बसली. दांड फाट्यावरून हमरस्त्याला लागले, लोधिवलीचं वळण आलं आणि गेलं. “वळण गेलं,” ती म्हणाली. “चौकात काम आहे,” तो म्हणाला. चौकात सुलेमानच्या गॅरेजसमोर त्याने गाडी स्टँडला लावली. ती उतरली, पर्स छातीशी धरून उभी राहिली. उन्हं उतरली होती तरी डांबर तापलेलं होतं, पुण्याकडचे टँकर एकामागून एक धूळ उडवत जात होते.

“अक्षदा.”

“बोला.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडलं. नंतर कितीतरी दिवस त्याला तो चेहरा आठवायचा. राग नव्हता त्यात, होती ती आशा, खरीखुरी, एवढं सगळं होऊनसुद्धा. “कोणते डॉक्टर?” तिने हलक्या आवाजात विचारलं.

“गाठीचे. तू पनवेलला... ते.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

हाच तो क्षण. ती वाट मोकळी करून उभी होती, त्याने फक्त म्हणायचं होतं, मी पाहिलं. ती चिडली असती, रडली असती, कदाचित इथेच रस्त्यावर त्याला बोल बोल बोलली असती, आणि मग दोघं घरी गेली असती. नवीनने मान वर केली. समोर सुलेमान काळ्या फडक्याला हात पुसत येत होता. “काय नवीनभाऊ, पंक्चर काय?” त्याने मानेनेच नाही म्हटलं. सुलेमान परत गेला.

“तय्यबाने,” नवीन म्हणाला.

तिचा चेहरा मिटला. “तय्यबाने,” ती म्हणाली. आणि मग तिची कर्जतची, माहेरची भाषा तोंडात आली, जी चिडली तरी येत नसे. “तय्यबाला ठावंच नाय ओ. मी आपण होऊन कोणालाच बोलले नाय. मी ते फक्त उघडून ठेवलं होतं. तुमी आत आलात का चित्र हलतं, तुमीच सांगितलंत ना जेवताना? हललं का मी ते पान उघडायची. मोठी अक्षरं करायची, म्हणजे तुमाला वाचता येईल. आणि हात मांडीवर घेऊन बसायची. म्हणायची, आज घरी आल्यावर विचारतील. आज नाय तर उद्या विचारतील.”

“मला वाटलं, तू सांगशील.”

“सांगतच होते ना!” ती ओरडली. गॅरेजमधले दोघे वळून बघायला लागले. तिने डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून तळहातानेच. “आज लिहिलं, कोण आहे. ‘मी आहे’ एवढं लिहायला तुमचं काय जात होतं ओ? तुमची करवंदं काय चाटायची होती मला?”

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि टँकर गेला, आणि टँकर गेल्यावर काही आठवेना. तीच मग साध्या, ऑफिसच्या आवाजात म्हणाली, “बुधवारी काढली गाठ. साधीच निघाली. शनिवारी टाके काढायला बोलवलंय.”

“मी येतो,” नवीन म्हणाला. “रजा टाकतो. शनिवारी मी येतो तुझ्याबरोबर.”

“नको. आई येतायत.”

“आपली आई? तिला कोणी सांगितलं?”

“कोणी नाय. बुधवारी घरी आले तर त्या उंबऱ्यात भाजी निवडत होत्या,” अक्षदा म्हणाली. “वर बघितलं आणि म्हणाल्या, काय झालं गं? एवढंच विचारलं.”